रॅव्हेलरी: इतवारीतल्या गोळ्यासाठी नमुना शोधताना

क्रोशाचा नवा नमुना हवा असला की हात आधी पिंटरेस्टकडे जातो. तिथे फोटो रग्गड. पण फोटोवर बोट दाबलं की कधी दुवा बंद, कधी नमुन्याच्या जागी आणखी एक फोटो. त्यात आता एआयने रचलेली चित्रं घुसली आहेत. फोटो मोठा करून टाके मोजायला घ्या. खांब कुठे संपला नि साखळी कुठे सुरू झाली हे सापडत नसेल तर ती वस्तू कोणी विणलेलीच नाही.

रॅव्हेलरीची गोष्ट वेगळी. जेसिका आणि कॅसिडी फोर्ब्स या अमेरिकी जोडप्याने २००७ मध्ये सुरू केलेली ही साइट म्हणजे सुयांवरचं विणकाम आणि क्रोशे यांच्या नमुन्यांची भलीमोठी सूची आहे. खातं उघडायला पैसे पडत नाहीत. नमुने काही फुकट, काही विकतचे. शिकवण्याचं काम मात्र ती करत नाही. साखळी घालता येत नसेल तर आधी घरातल्या काकू-मावशींकडे बसा, मग इकडे या.

बहुतेक जण इथेही फोटो बघत सुटतात आणि मग नागपूरच्या इतवारीत जाऊन ‘अस्साच दोरा’ मागतात. तो मिळत नाही. उलटं करा: इतवारी, महाल किंवा बर्डीवरून जो गोळा आणला आहे, त्यावरून नमुना शोधा. रॅव्हेलरी या कामात खरी तरबेज आहे, फक्त गोळ्याची माहिती तिच्या भाषेत द्यावी लागते.

दुकानातली भाषा ‘तीन प्लाय, चार प्लाय’ अशी. पण प्लाय म्हणजे किती पदर पिळले, एवढंच. पदर जाड असतील तर दोन पदरी दोरा चार पदरीपेक्षा जाड भरतो. रॅव्हेलरी जाडी मोजते ती एका इंचात किती वेढे बसतात यावर. पट्टी घ्या, दोरा न ताणता, वेढ्याला वेढा टेकवून दोन इंच गुंडाळा आणि वेढ्यांची निमपट करा. १४ आले तर फिंगरिंग, १२ स्पोर्ट, ११ डीके, ९ वर्स्टेड, ८ अरन, ७ बल्की. क्रोशाचा बारीक सुती दोरा ‘थ्रेड’ या वर्गात शोधायचा. दोरा ताणून गुंडाळला की इंचामागे एक-दोन वेढे सहज जास्त बसतात, डीके स्पोर्टात जाऊन पडतो आणि पुढचा सगळा शोध चुकतो. गोळ्याचं बाहेरचं टोक हाताळून दबलेलं असतं, म्हणून मोजायला आतला दोरा ओढून घ्या.

दुसरा आकडा लांबीचा. आपल्याकडे लोकर ग्रॅमवर विकतात, रॅव्हेलरीची चाळणी (फिल्टर) मीटरवर चालते. १० मीटर दोरा मोजून वजन करा. ४ ग्रॅम भरला तर १०० ग्रॅममध्ये २५० मीटर. स्वयंपाकघरातला काटा इथे दगा देतो, कारण ३.६ आणि ४.४ ग्रॅम दोन्हीला तो ४ च दाखवतो, आणि तेवढ्यात १०० ग्रॅममागे साधारण ५० मीटरचा फरक पडतो. सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा असेल तर उत्तम, नाहीतर ५० मीटर मोजून तोला. असे १०० ग्रॅमचे तीन गोळे असतील तर हाताशी ७५० मीटर झाले. चाळणीत वरची मर्यादा ६५० घाला. सैल हाताला दोरा जास्त लागतो, आणि तोच रंग, तोच लॉट पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही.

फायबरच्या चाळणीत आपल्याकडे कॉटनच लावावं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना ॲक्रिलिकचा टॉप अंगाला चिकटतो. पण कॉटन जड असतं. तेवढ्याच जाडीच्या ॲक्रिलिकपेक्षा १०० ग्रॅममध्ये मीटर कमी मिळतात, आणि लांब झगा स्वतःच्याच वजनाने खाली ओढला जातो. ॲक्रिलिकच्या नमुन्यातले ग्रॅम बघून कॉटन आणलं तर हमखास कमी पडतं. मीटर जुळवा.

सुईसाठी फक्त मिलिमीटर बघा. अमेरिकी अक्षरं आणि स्टीलच्या सुयांचे नंबर यांच्या नादी लागू नका. स्टीलमध्ये नंबर वाढला की सुई बारीक होते.

जाडी, मीटर, सुई लावूनही शेकडो नमुने उरतात. तेव्हा खरा उपयोग होतो तो नमुन्याच्या पानावरच्या ‘प्रोजेक्ट्स’ या भागाचा. तो नमुना ज्यांनी विणला त्यांचे फोटो, दोरा, सुई आणि टिपणं तिथे असतात. नमुनाकाराचा फोटो चांगल्या उजेडातला, बारीक अंगाच्या मॉडेलवरचा. इथे मात्र साध्या माणसांनी साध्या घरात काढलेले फोटो दिसतात, गळा सैल पडलेला, कडा वळलेली. ज्या टिपणांना इतरांनी उपयोगी ठरवलं आहे ती आधी वाचा. चारजणांनी एकाच ओळीवर ‘टाके जुळत नाहीत’ लिहिलं असेल तर चूक नमुन्यात आहे, तुमच्यात नाही. प्रत्यक्षात किती मीटर लागले तेही तिथेच कळतं. एकानेही न विणलेला विकतचा नमुना घेऊ नये, फोटो कितीही गोड असो.

अवघडपणाचे गुण मात्र फार मनावर घेऊ नका. ते विणणाऱ्यांच्या मतांची सरासरी आहेत. रुखवताचे रुमाल विणून हात बसलेल्या बाईला तिथलं ‘अवघड’ फिले (भरल्या-रिकाम्या चौकोनांची जाळी) डाव्या हाताचा मळ वाटेल, आणि ‘सोपा’ स्वेटर खांद्याच्या घटीपाशी रडवेल.

आपल्या वस्तूंना तिथे आपली नावं नाहीत, हे खरं अडतं. ‘तोरण’ टाकून हाती फार काही लागणार नाही. तोरणासाठी व्हॅलन्स, एजिंग आणि फिले हे शब्द इंग्रजीत टाका. पाटाभोवतीच्या क्रोशे रांगोळीसाठी डॉयली किंवा मंडला. नवं तंत्र हवं असेल तर वस्तू सोडून तंत्राचं नाव घ्या: ट्युनिशियन, मोझेक, आयरिश लेस, ब्रुज लेस. ट्युनिशियनला लांब सुई लागते आणि कापड वळतं, म्हणून नेहमीपेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठी सुई घ्यावी. दोन रंगांच्या मोझेकच्या एका प्रकारात प्रत्येक ओळीला दोरा तुटतो. ती सगळी टोकं लपवायची तयारी ठेवा.

तोरणाला फिलेच सगळ्यात शोभतं, म्हणून त्याचा हिशोब नीट सांगायला हवा. तक्त्यातला रिकामा चौकोन म्हणजे एक खांब आणि दोन साखळ्या, भरलेल्यात साखळ्यांच्या जागी खांब. पहिला चौकोन रिकामा असेल तर चौकोनांची तिप्पट अधिक ५ साखळ्या घाला आणि पहिला खांब सुईपासून आठव्या साखळीत. पहिला चौकोन भरलेला असेल तर तिप्पट अधिक ३, खांब चौथ्या साखळीत. ४० चौकोनांना अनुक्रमे १२५ आणि १२३. आधी २० चौकोनांचा तुकडा विणा, धुवा, वाळवा, मग मोजा. १० चौकोन सव्वादोन इंच भरले तर ३६ इंचांच्या चौकटीला १६० चौकोन लागतील. बहुतेकांचा चौकोन उंचीपेक्षा रुंद होतो आणि तक्त्यातला गणपती बुटका बसतो. खांबाचा पहिला फास थोडा उंच ओढा. तरी जमलं नाही तर दोनच्या जागी एक साखळी घ्या. मग सुरुवातीचा हिशोबही बदलतो: रिकाम्या चौकोनाला दुप्पट अधिक ४, खांब सहाव्या साखळीत. लाल-पांढरं तोरण असेल तर लाल दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग लागला तर तो गोळा दुसऱ्या कामाला.

डॉयली निवडताना गोल सपाट बसेल का, हे फोटोत बघा. साधा गोल खांबांचा असेल तर सुरुवातीला १२ आणि दर फेरीला १२ वाढतात. मुक्या, म्हणजे बुटक्या, खांबांचा असेल तर ६. वाटी झाली तर वाढ कमी पडते आहे, झालर झाली तर जास्त. जाळीदार डॉयलीत मधल्या फेऱ्या थोड्या उठतात, तेवढ्याने उसवू नका. साबुदाण्याची पातळ खळ लावून, थर्मोकोलवर न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून वाळवली की बसते.

सर्वाधिक फसायला होतं ते भाषेच्या घोळात. आपला मुका खांब अमेरिकी नमुन्यात सिंगल क्रोशे, ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे. आपला खांब अमेरिकेत डबल, ब्रिटनमध्ये ट्रेबल. ब्रिटिश पद्धतीत ‘सिंगल क्रोशे’ नाहीच. तो शब्द दिसला की नमुना अमेरिकी समजा. उलटं वाचलं तर मुक्या खांबाच्या जागी खांब पडतो, म्हणजे एका साखळीऐवजी तीन साखळ्यांची उंची, आणि बाहुलीचं डोकं भोकाभोकांचं होऊन आतला कापूस बाहेर डोकावतो.

उणिवाही आहेत. ‘यार्न आयडियाज’मध्ये (नमुना कोणकोणत्या दोऱ्यांनी विणला त्याची यादी) परदेशी दोऱ्यांची गर्दी असते आणि आपल्या गोळ्यांची पानं तुरळक, म्हणून वर सांगितलेली मोजामोज टळत नाही. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर चाळण्या लावताना बोटं दुखतात. शोध संगणकावर करावा, आवडलेले नमुने फेव्हरिट्समध्ये टाकून विणताना मोबाइलवर उघडावेत. विकतच्या नमुन्यांचे दर बहुधा डॉलरमध्ये, तेव्हा बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू हवा. आणि एकीने घेतलेली पीडीएफ अख्ख्या भिशीच्या व्हॉट्सॲपवर फिरवणं ही चोरीच.

पैसे भरण्याआधी पानावर तीन गोष्टी शोधा: मीटर, अमेरिकी की ब्रिटिश, आणि तक्ता आहे का. फिलेच्या बाबतीत तिसरी सोडूच नका. १६० चौकोनांची ओळ शब्दांत वाचत विणायची म्हणजे दर दहा टाक्यांनी बोट चुकणार.