इंधन-ट्रिम की वाइडबँड? पेट्रोल गाडी ट्यून करताना कोणत्या आकड्यावर विसंबावं

गाडीला मोठा इनटेक, वेगळे इंजेक्टर किंवा एक्झॉस्ट बसवला आणि इसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) मॅप, म्हणजे इंधनाचा हिशोब मांडणारे तक्ते, बदलायचं ठरलं, की एक प्रश्न हमखास येतो. गाडीच्या तपासणीच्या ओबीडी पोर्टमधून फुकट मिळणाऱ्या ट्रिमच्या आकड्यांवर काम भागेल, की सायलेन्सरच्या पाइपला भोक पाडून वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण मोठ्या पट्ट्यात मोजणारा) बसवायचा? गॅरेजमध्ये विचारलं तर ज्याच्याकडे जे आहे तेच तो चांगलं म्हणतो. (डिझेलवाल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, त्यांचा हिशोब वेगळा आहे.)

ट्रिम म्हणजे इसीयूने स्वतःच्या अंदाजात केलेली दुरुस्ती. आत येणारी हवा मोजून किंवा मॅनिफोल्डच्या दाबावरून ताडून तो इंधन ठरवतो. जळालेल्या वायूत ऑक्सिजन जास्त दिसला तर इंधन वाढवतो, कमी दिसला तर घटवतो. क्षणाक्षणाची दुरुस्ती ती एसटीएफटी आणि मुरलेली, लक्षात ठेवलेली ती एलटीएफटी. अधिक 8 म्हणजे मॅपमधला आकडा अपुरा पडला, म्हणून 8 टक्के इंधन वाढवावं लागलं. यात एक गोष्ट नवख्या माणसाच्या नजरेतून सुटते: ट्रिम अधिक 8 असताना मिश्रण लीन (इंधन कमी) नसतं. ते बरोबरच असतं, कारण दुरुस्ती झालेली असते. ट्रिम मिश्रण सांगत नाही, अंदाज किती चुकला ते सांगते. वाइडबँडचं उलट आहे. तो लॅम्ब्डा मोजून दाखवतो (1 म्हणजे हवा-इंधन अचूक, त्याहून कमी म्हणजे रिच, इंधन जास्त; वर म्हणजे लीन), पण तो तसा का आला याबद्दल चकार शब्द काढत नाही.

आयडलिंगपासून हायवेवर शांतपणे चालवण्यापर्यंतच्या पट्ट्यात ट्रिमच सरस, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे गाडी क्लोज्ड लूपमध्ये असते, म्हणजे सेन्सरचं वाचन पाहून इंधन सुधारत राहते, आणि इसीयू स्वतःच लॅम्ब्डा 1 धरून ठेवतो. वाइडबँड लावला तर तो बहुतेक वेळ 1.00 च्या आगेमागेच दाखवत बसेल. मॅप चुकला आहे हे त्यावरून कळणारच नाही. ट्रिममध्ये ते लगेच दिसतं. समजा 1800 आरपीएम आणि मॅनिफोल्डच्या 40 केपीए (किलोपास्कल) दाबाच्या खान्यात हवा भरण्याच्या टेबलमध्ये 62 लिहिलंय. लॉगमध्ये एलटीएफटी अधिक 4, एसटीएफटी सरासरी अधिक 3. दोन्हींची बेरीज 7, म्हणून 62 गुणिले 1.07, म्हणजे साधारण 66.3. तो आकडा त्या खान्यात टाका, शिकलेली ट्रिम पुसा, पुन्हा गाडी फिरवा. एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) असलेल्या गाडीत हीच रीत हवेच्या वक्राला लावायची. मात्र इंजिन पूर्ण तापलेलं हवं, पाय पेडलवर स्थिर हवा, आणि कॅनिस्टरच्या पर्ज व्हॉल्व्हमधून टाकीतल्या वाफा आत येत असतानाच्या नोंदी गाळायला हव्यात. नाहीतर वाफांमुळे उणे गेलेली ट्रिम तुम्ही मॅपची चूक समजून दुरुस्त करून बसाल.

इंजेक्टर बदलले असतील तर ट्रिमचा नुसता आकडा न पाहता त्याचा आकार पाहा. आयडलला मोठी आणि लोड वाढला की विरघळून जाणारी ट्रिम दिसली तर इंजेक्टरचा डेड टाइम (उघडण्यात वाया जाणारा वेळ) चुकलाय. आयडलला इंजेक्टर अगदी थोडा वेळ उघडतो, त्यामुळे तेवढी चूकही टक्क्यांत मोठी दिसते. सगळीकडे सारखीच टक्केवारी असेल तर प्रवाहाचा आकडा किंवा इंधनाचा दाब तपासा. एवढं निदान वाइडबँडच्या एकट्या काट्यावरून होत नाही.

आता पेडल तळाला लावा. चित्र पार पालटतं. फुल थ्रॉटलला बहुतेक इसीयू ओपन लूपमध्ये जातात (सेन्सरकडे न पाहता मॅपप्रमाणे इंधन देतात) आणि मिश्रण मुद्दाम रिच करतात, कारण ताकदही तिथेच मिळते आणि तापमानही आवाक्यात राहतं. साधा ओटू (ऑक्सिजन) सेन्सर इथे जवळपास आंधळा असतो. लॅम्ब्डा 1 च्या आसपास तो 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये झटक्यात उडी मारतो. त्याच्या पलीकडे 0.85 आणि 0.92 मधला फरक त्याला सांगता येत नाही. त्यामुळे एसटीएफटी शून्यावर थिजते, आणि ती शून्य पाहून ‘सगळं ठीक आहे’ म्हणणारे ट्यूनरही भेटतात. ते शून्य म्हणजे बंद पडलेल्या घड्याळातली वेळ.

इथे वाइडबँडला पर्याय नाही. बॉशच्या एलएसयू 4.9 सारखा सेन्सर लॅम्ब्डा 0.65 पासून वर सरळ मोजतो. लक्ष्य 0.86 आणि प्रत्यक्षात 0.93 दिसलं, तर 0.93 भागिले 0.86, म्हणजे 1.08. त्या खान्यात 88 असेल तर तिथे 95 टाकायचं. टर्बो गाडीत बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवताना हा फरक न कळणं म्हणजे नॉक (मिश्रण अवेळी पेटणं) आणि वितळलेला पिस्टन यांना आमंत्रण.

एक पोटकलम राहिलं. काही इसीयू ओपन लूपमध्ये शिरताना शिकलेली एलटीएफटी सोबत नेतात. जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांवर काम करणारे अमेरिकी ट्यूनर म्हणूनच क्रूझिंगची ट्रिम मुद्दाम किंचित उणे ठेवतात. तिथे अधिक ट्रिम फुल थ्रॉटलच्या इंधनातही मिसळते. तुमच्या इसीयूचं वागणं माहीत नसेल तर वाइडबँडच्या लॉगमध्ये एलटीएफटीचा रकाना शेजारी ठेवा, नाहीतर आज जुळवलेला आकडा महिन्याभराने आपोआप सरकलेला दिसेल.

ट्रिमचा दुसरा मोठा उपयोग ट्यूनिंगच्या आधीचा: गाडी ट्यून करण्याइतकी धडधाकट आहे का? आयडलला अधिक 15 आणि 2500 आरपीएमला अधिक 3 असेल तर मॅनिफोल्डला कुठेतरी हवा गळतेय. उलट, आयडल ठीक पण लोडबरोबर ट्रिम चढत गेली तर पंप, फिल्टर किंवा मळलेला एमएएफ. पी0171 हा लीनचा कोड अनेक गाड्यांत एकूण दुरुस्ती 20-25 टक्क्यांपर्यंत गेल्यावरच येतो, म्हणजे चेक-इंजिनचा दिवा लागलेला नाही याला काही अर्थ नाही. गळकी नळी तशीच ठेवून मॅपमध्ये इंधन वाढवणारे महाभाग आहेत; नळी पुढे कधीतरी बदलली जाते आणि गाडी काळा धूर सोडते.

दोन्ही उपकरणं फसतात अशाही जागा आहेत. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन दोघंही लीन दाखवतात. मिसफायरमध्ये न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो, मग पेट्रोल भरपूर असूनही वाचन लीन.

आपल्याकडे सध्या याला पेट्रोलची जोड आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते, 10 टक्के इथेनॉलवाल्याला (ई10) साधारण 14.1 आणि 20 टक्के इथेनॉलवाल्याला (ई20) साधारण 13.5. ई10 साठी जुळवलेल्या गाडीत ई20 भरलं की काही न बिघडता ट्रिम 4 टक्क्यांच्या आसपास वर जाते. ते मॅपमध्ये कायमचं ‘दुरुस्त’ करण्याआधी टाकीत काय आहे ते विचारा. वाइडबँडवरही एअर-फ्युएल रेशो न वाचता लॅम्ब्डा वाचा. काटा पेट्रोलच्या मोजपट्टीवर 12.6 दाखवेल, पण ई20 वर खरं गुणोत्तर 11.6 असेल, लॅम्ब्डा दोन्हीकडे 0.86 च.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्यांना मात्र वाइडबँडवर पैसे घालवायची गरज सहसा नाही. सिक्वेन्शियल किटचा संगणक पेट्रोल इंजेक्टरच्या वेळेला गुणून गॅस सोडतो. पेट्रोलवर आणि गॅसवर ट्रिम जवळपास सारखी आली की गुणक जुळला. गॅसवर ती अधिक 15 ला गेली तर पेट्रोलचा इसीयू तेच शिकतो आणि पेट्रोलवर बदलल्यावर गाडी काही वेळ रिच धावते. सेटिंगवाल्याने लॅपटॉप लावून नुसतं आयडल दाखवलं तर समाधान मानू नका, घाट चढतानाचा लॉग मागा.

खर्चाचं बोलायचं तर ओबीडी अडॅप्टर शेकड्यांत मिळतो. स्वस्तातले नकली मात्र इतके हळू डेटा देतात की वेगात बदलणाऱ्या लोडला आकडे मागे पडतात. आयात केलेला वाइडबँड किट पंधरा-वीस हजारांच्या घरात सहज जातो, वर वेल्डिंग. सेन्सर आडव्यापेक्षा किमान 10 अंश वर कललेला, टर्बो असेल तर टर्बाइननंतरच्या पाइपात, आणि इंजिन चालू असताना त्याचा हीटर कधीही बंद नाही. बंद राहिला तर काजळीने सेन्सर लवकर मरतो. एक सोय विसरू नका: बऱ्याच नव्या गाड्यांना पुढचा सेन्सर कंपनीनेच वाइडबँड दिलेला असतो. स्कॅनरमध्ये व्होल्टऐवजी लॅम्ब्डाचा रकाना जिवंत दिसला तर साध्या कामापुरतं भोक पाडणं वाचलं.

म्हणून टर्बो नसलेली, इनटेक-एक्झॉस्टपुरती बदललेली गाडी असेल, तर रोजचा पट्टा ट्रिमवर जुळवा आणि फुल थ्रॉटलसाठी वाइडबँड असलेल्या डायनोवर (चाकं जागेवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) एकदा जाऊन या; स्वतःचा किट घ्यायचं कारण दिसत नाही. बूस्ट वाढवणार असाल तर किट कायमचा लावा, ट्रिम तरीही वाचा. आणि कोणाकडे गाडी देणार असाल तर पैसे देण्याआधी एकच फाइल मागा, ज्यात आरपीएम, लोड, दोन्ही ट्रिम, लॅम्ब्डा आणि नॉकचे रकाने एकाच वेळेला नोंदलेले असतील. त्यात फुल थ्रॉटलचा लॅम्ब्डा रिकामा असेल तर गाडी परत घेऊन या.