परदेशातल्या सायकल टूरवरची दुखापत-पेटी: काही महिन्यांच्या वापरानंतर

पेटीत होतं ते असं: १० सेंटिमीटर रुंद क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी, हायड्रोकोलॉइडच्या (जखमेतला ओलावा धरून ठेवणाऱ्या, चिकटणाऱ्या) मोठ्या पट्ट्या, निर्जंतुक गॉज, २० मिलिलिटरची सिरिंज, चिमटा, बोथट टोकाची कात्री, किनेसिओ टेप (स्नायूंवर चिकटवायची ताणणारी पट्टी), आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक जेल, झिंक ऑक्साइड मलम आणि ओआरएस. पण सफर सुरू झाल्यावर सगळ्यात जास्त हात गेला तो हत्यारांच्या पिशवीतल्या सीटचे स्क्रू फिरवणाऱ्या, षटकोनी टोकाच्या ४ आणि ५ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीकडे.

कारण साधं आहे. लांबच्या सफरीत पडून लागणं एखाददुसऱ्या वेळी होतं, साठत जाणारं दुखणं मात्र बहुतेकांना गाठतं. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर सहा तासांत प्रत्येक गुडघा २८,८०० वेळा वाकतो. सीट चार-पाच मिलिमीटर चुकलेली असेल तर रविवारच्या फेरफटक्यात ते कळतही नाही. सामान लादून रोज चालवलं की आठवडाभरात कळतं. अशा दुखण्यावर जेल चोळून काही होत नाही.

गुडघा कुठे दुखतो यावरून पुढचं ठरतं. समोर, वाटीभोवती दुखत असेल तर सीट खाली किंवा फार पुढे आहे, नाहीतर जड गिअर रेटला जातोय. मागे लवणीत दुखत असेल तर सीट उंच किंवा फार मागे आहे. आतल्या किंवा बाहेरच्या कडेला दुखत असेल तर आधी क्लीटचा, म्हणजे बुटाच्या तळाशी असलेल्या आणि पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याचा, कोन तपासावा. सीट एका वेळी ३ मिलिमीटरच हलवावी आणि दोन दिवस तशीच चालवून बघावी. उंची आणि पुढे-मागे हे दोन्ही एकाच दिवशी बदललं, तर गुण कशाने आला ते समजत नाही. रस्त्यावर करण्याजोगी ढोबळ तपासणी अशी: बूट घालून टाच पेडलवर ठेवायची, पेडल तळाला असताना कंबर न कलता पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवडा पेडलवर आल्यावर गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा वाक राहतो.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, स्वतःहून खाली घसरते. तिला आवळणारा क्लँप किंचित सैल असला आणि रस्ता खडबडीत असला, तर काही दिवसांत पाच-सात मिलिमीटर कमी होतात आणि कालपर्यंत ठणठणीत असलेला गुडघा 'विनाकारण' दुखायला लागतो. म्हणून निघण्याआधीच पोस्टवर क्लँपच्या अगदी वर इलेक्ट्रिकल टेपचा वेढा घालून ठेवावा. पाच पैशांचं काम आहे, पण पेटीतल्या कुठल्याही औषधापेक्षा जास्त उपयोगी पडतं. बूट बदलले तरी तळव्याच्या जाडीप्रमाणे उंची पुन्हा जुळवावी लागते.

गिअरचंही तेच. वीस किलो सामान असताना पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्या चक्राला ३४ दाते मोठ्या चढाला पुरत नाहीत. पुढे २६ आणि मागे ३६ असेल तर गुडघे वाचतात. सर्वांत हलक्या गिअरमध्येही केडन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) ६० च्या खाली जात असेल तर उतरून ढकलावं, त्यात कमीपणा कसला?

हाताच्या बाबतीत करंगळी आणि अनामिका बधिर होणं हे अल्नर नर्व्ह, म्हणजे तळव्याच्या करंगळीकडची नस, दबल्याचं लक्षण आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर मनगटाच्या मधोमध जाणारी मीडियन नर्व्ह. जेलचे हातमोजे थोडेफार उपयोगी पडतात, पण मूळ कारण बहुधा सीटचं नाक खाली झुकलेलं असणं हेच असतं. त्यामुळे अंग पुढे घसरतं आणि सगळा भार तळव्यांवर येतो. सीट समतल करणं, हँडल एक-दोन स्पेसरने (खाली घालायच्या कड्यांनी) उचलणं, टायरमधली हवा थोडी कमी करणं आणि दर दहा मिनिटांनी पकड बदलणं, याच क्रमाने जावं. नुसती बधिरता रात्रीतून उतरते. पण अंगठा आणि तर्जनीच्या कडेत कागद धरून दुसऱ्याला ओढायला सांगितल्यावर अंगठ्याचं टोक वाकायला लागलं, तर स्नायू कमजोर झालाय असं समजून सायकल थांबवावी आणि डॉक्टरांना दाखवावं.

आता खरचटणं. इथे पेटीचे पैसे वसूल होतात. सिरिंजमध्ये पिण्याचं पाणी भरून जोराने फवारे मारायचे, निदान अर्धा लिटर. उरलेली खडी चिमट्याने आणि ओल्या गॉजने त्याच दिवशी काढायची. कातडीत राहिलेली डांबराची काजळी कायमची गोंदली जाते. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नये, नवी येणारी कातडीही त्याने जळते. स्वच्छ, उथळ जखमेवर हायड्रोकोलॉइड पट्टी लावली की ती तीन ते पाच दिवस तशीच ठेवता येते. आत साचलेला पिवळसर लगदा पाहून घाबरायचं कारण नाही. लाली पसरत गेली, जखम गरम लागली, ठणका वाढला किंवा ताप आला तर मात्र पट्टी काढून दवाखाना गाठायचा. जखमेत माती गेली असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांहून जुनं असेल तर नवीन घ्यावं लागतं. कुत्रा चावला तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जायचं, उद्यावर टाकायचं नाही.

तक्रार एकच: उन्हात हायड्रोकोलॉइड पट्ट्यांच्या कडा गुंडाळल्या जातात. सनस्क्रीन पुसून, केस कापून, तळहाताने मिनिटभर दाबून लावल्या तर टिकतात. किनेसिओ टेपबद्दल मत थंड आहे. आधार वाटतो, पण ताण कमी होतो असं छातीठोकपणे म्हणवत नाही. पॅनियरच्या (सायकलच्या कडेला लटकवलेल्या पिशवीच्या) उष्णतेत तिचा गोंदही पातळ होतो.

सीटमुळे होणाऱ्या फोडांवर उपाय म्हणजे रोज धुतलेली शॉर्ट, आत चड्डी नाही, आणि मुक्कामी पोचताच ती उतरवणं. रात्री झिंक ऑक्साइड लावावं. फोड फोडू नये. फोड कायम एकाच बाजूला येत असतील तर सीट उंच आहे का ते बघावं, कारण मग कंबर डोलते.

गोळ्यांचा जपून वापर करावा. आयबुप्रोफेन दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर डॉक्टरांशिवाय नको, आणि अंगातलं पाणी कमी असताना तर नकोच, मूत्रपिंडांवर ताण येतो. गोळी घेऊन दुखरा गुडघा दामटणं म्हणजे दोन दिवसांची विश्रांती टाळून दोन महिन्यांची ओढवून घेणं. ट्रॅमाडॉलसारखी औषधं इजिप्त आणि संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत, त्यामुळे सीमा ओलांडण्याआधी नियम बघावेत. प्रत्येक गोळी मूळ स्ट्रिपमध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेवावी.

पडताना हात टेकला आणि मनगट दुखतंय, तर अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो तिथे दाबून बघावं. तिथे कळ आली तर स्कॅफॉइड हे मनगटातलं छोटं हाड मोडल्याचा संशय धरायचा. पहिल्या एक्स-रेमध्ये ही चीर पुष्कळदा दिसत नाही. मनगट बांधून ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासणी करावी लागते. या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा असल्याने दुर्लक्ष केलं तर ते न सांधण्याची भीती असते. कॉलरबोन मोडलं तर त्रिकोणी पट्टीची झोळी आणि एक्स-रे. डोक्याला मार लागून गरगरत असेल तर त्या दिवशी सायकल चालवायची नाही, हेल्मेटही बदलायचं. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा गोंधळलेलं बोलणं दिसलं तर लगेच रुग्णवाहिका. युरोपीय संघात त्यासाठी ११२ हा मोफत क्रमांक आहे.

विम्याच्या कागदात सायकलिंग आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च हे दोन्ही शब्द स्पष्ट असावेत, आणि दाखल होण्याआधी किंवा होताच कंपनीला फोन करावा. एक्स-रेची प्रत आणि डॉक्टरांचा लेखी अहवाल तिथेच मागून घ्यावा. ताजं प्लास्टर असेल तर विमान कंपन्या साधारणपणे दोन तासांच्या आतल्या उड्डाणासाठी २४ तास आणि लांबच्यासाठी ४८ तास थांबायला सांगतात. तेवढ्यात सायकल खोक्यात भरून होते. एका हाताने भरायची वेळ आली तर पेडल दुकानातच सैल करून घ्यावीत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घाईत नेमके घट्ट केले जातात.