उणे पाचची स्लीपिंग बॅग

पहाटे चार वाजता माझी पुतणी तंबूत उठून बसली होती. थंडीने तिचे दात वाजत होते. जैसलमेरच्या पुढे, खुरी गावाजवळच्या वाळूत आमचा मुक्काम होता. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. बॅटरीच्या उजेडात मी थर्मामीटर पाहिला, ६ अंश. ती ज्या स्लीपिंग बॅगेत झोपली होती तिच्यावर ठळक छापलं होतं, ‘उणे ५ अंश’. ही बॅग मीच तिला घेऊन दिली होती, सोलापुरात, होटगी रोडवर लागलेल्या एका सेलमधून.

सोबत घेतलेली एक सोलापुरी चादर तिच्याभोवती गुंडाळली. ज्यांच्या ढाणीशेजारी, म्हणजे छोट्या वस्तीशेजारी, तंबू लावला होता त्या यजमानांना उठवलं. त्यांनी न बोलता दोन जाड रजया आणून दिल्या, म्हणून ती रात्र निभावली. पोरगी नववीत आहे. तिच्या आईवडिलांनी ती आमच्या भरवशावर पाठवली होती. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण ती थरथर आठवली की आजही माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही नवरा-बायको पक्षी बघत फिरणारे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं, आपल्या घराजवळचं. लहानपणी वडिलांच्या मागे सायकलवर बसून मी तिथे माळढोक पाहिलेला आहे. आता तिथे तो दिसणं जवळपास संपलं. उरलेले बहुतेक माळढोक जैसलमेरच्या माळांवर आहेत, म्हणून तिकडचं डेझर्ट नॅशनल पार्क बघायचं ठरवलं. पार्काच्या हद्दीबाहेर एका गावात तीन रात्री तंबूत राहायचं, असा बेत होता. आमच्याकडे सामान काहीच नव्हतं.

नोव्हेंबरच्या अखेरीस तो सेल लागला. ‘एक्स्पोर्ट सरप्लस, ट्रेकिंग-कॅम्पिंग, फक्त चार दिवस’ असा फलक होता. विकणारा माणूस बोलायला गोड. कुठे जाणार विचारलं आणि लगेच म्हणाला, “राजस्थान? मग डेझर्ट सिरीजच घ्या की मॅडम.” मातकट रंगाची बॅग उलगडून त्याने माझा हात तिच्या तोंडातून आत घालायला लावला. “दाबून बघा. उणे पाचची बॅग हाय, तिकडं पाच-सहा डिग्री असतंय. घाम येईल तुम्हाला.”

मी शाळेत भूगोल शिकवते. वाळू दिवसा लवकर तापते तशी रात्री लवकर निवते, हवेत ओल नाही, आकाशात ढग नाहीत, त्यामुळे उष्णता सरळ वर निघून जाते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. थारमध्ये रात्री पाच-सहा अंश असतात हे त्या माणसाने खरंच सांगितलं होतं. माझ्या माहितीशी जुळणारं एक वाक्य तो बोलला आणि पुढचं सगळं मी खरं धरलं. तीन स्लीपिंग बॅगा, एक तंबू, तीन फुगवायच्या गाद्या आणि तीन ‘प्युअर कॉटन’ पूर्ण बाह्यांचे शर्ट. एकूण १३,५०० रुपये, मोबाईलवरून दिले.

परत आल्यावर ती बॅग मी घरी कात्रीने उसवली. तोंडाकडचा हातभर भाग चांगला जाड होता, पांढराशुभ्र फायबर. गिऱ्हाईक हात घालून दाबतं ते तिथेच. त्याखाली कमरेपासून पायापर्यंत कागदासारखा पातळ थर, तोही जागोजागी तुटलेला, आणि पायाशी वजन यावं म्हणून कोंबलेल्या रंगीत चिंध्या. शेजारचे काका आयुष्यभर यंत्रमागावर चादरी विणत आले. त्यांनी चिंधी दोन बोटांत धरली, सूत ओढून बघितलं आणि म्हणाले, “हे तर वेस्ट आहे गं. कारखान्यातला झाडून काढलेला माल.”

म्हणून बॅग घेताना तोंडाशी हात घालून थांबू नका. पायाकडच्या टोकापर्यंत पूर्ण लांबी चिमटीत धरत जा, पाठीकडची बाजूसुद्धा. मग उजेडासमोर धरा. भरण सरकलं असेल तिथून उजेड आरपार दिसतो.

दुसरी गोष्ट त्या आकड्याची. स्लीपिंग बॅगा तपासण्याचं आयएसओ २३५३७ हे मानक आहे. त्यात एकच आकडा नसतो. एक ‘कम्फर्ट’, म्हणजे ज्या तापमानाला साधारण बाईमाणूस आरामात झोपेल. दुसरा ‘लिमिट’, साधारण पुरुष अंग आखडून कशीबशी झोप काढेल तो. तिसरा ‘एक्स्ट्रीम’, ज्यात झोप नाही, फक्त जीव वाचण्याची आशा आणि अंग गारठून पडण्याचा धोका. नुसता एक उणे आकडा छापलेला असेल तर तो कुठला, हे विचारा. आमच्या बॅगेवर कुठल्याही मानकाचा उल्लेखच नव्हता. कम्फर्टचा आकडा तुम्ही जाणार तिथल्या रात्रीपेक्षा चार-पाच अंश तरी खाली हवा.

गाद्यांनी तर पहिल्याच संध्याकाळी मान टाकली. थारमध्ये भुरट नावाचं गवत आहे, त्याचे बारीक काटेरी गोंडे कपड्याला, मोज्याला, सगळ्याला चिकटतात. तंबूच्या पातळ तळातून ते आत आले आणि मध्यरात्रीपर्यंत तिन्ही गाद्या जमिनीला टेकल्या. वरून कितीही पांघरलं तरी खालून वाळू अंगातली ऊब ओढून घेते. वाळवंटात फोमची गुंडाळायची मॅटच बरी, काटा घुसला तरी तिच्यातून हवा जायची नाही.

तंबूचं ‘डेझर्ट’पण फक्त रंगात होतं. खुंट्या म्हणजे सायकलच्या आऱ्यासारख्या बारीक तारा. वाळूत त्या ठोकल्या तशाच बोटाने वर आल्या. यजमानांनी रिकामी पोती मागवली, वाळूने भरली, दोरी पोत्याच्या मध्यावर बांधली आणि पोती दीड-दोन फूट खड्ड्यात पुरून वरून पायाने दाबली. रात्री वारा सुटला तरी तंबू हलला नाही. वाळूसाठी लांब आणि रुंद पात्याच्या खुंट्या मिळतात, नाहीतर पोत्यांची ही युक्ती पुरते. जो ‘वाळवंटाचा तंबू’ म्हणून विकतो त्याला आधी खुंट्या दाखवायला सांगा. त्याला वाळू माहीत आहे की नाही ते तेवढ्यात कळतं.

शर्टांचं कळलं दुपारी. उन्हात सैल सुती कपडा घाम शोषतो आणि अंग गार ठेवतो. हे शर्ट पाठीला चिकटून बसले. घरी येऊन शिवणीच्या आतल्या कडेला कापडाचाच एक धागा काढून काडीने पेटवला. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. हा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी राहिला. निव्वळ पॉलिस्टर. चादरी-टॉवेलांच्या गावात राहून सुती म्हणून मला हे विकलं गेलं, ही गोष्ट मला फार लागली.

आता बिलाचं. मिळाली ती एक पिवळी चिठ्ठी, वर रबरी शिक्का आणि जीएसटी नंबर. नंबर मी घरी येऊन मोजला तर १३ अक्षरं. खरा नंबर १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला की धंद्याचं नाव समोर येतं. दुकानातच उभं राहून मोबाईलवर दोन मिनिटांत होण्यासारखं काम आहे. पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीचा फोन असावा लागतो. आमच्या पाकिटांवर नुसतं एमआरपीचं स्टिकर होतं, ४,९९९ रुपये, आणि त्याखाली आणखी एक स्टिकर.

सेल लागला होता त्या हॉलवर गेले तेव्हा तिथे लग्नाचा मांडव होता. राखणदार म्हणाला, “ते तर चार दिवसांत गेले की ताई, भाडं रोख दिलं होतं.” चिठ्ठीवरचा फोन बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. बोलणारी मुलगी नीट ऐकून घेत होती, पण विक्रेत्याचं नाव आणि पत्ता मागितल्यावर माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी लागत नाही, पण नोटीस कुणाच्या पत्त्यावर पाठवायची? क्यूआर कोड एका व्यक्तीच्या खात्याचा होता. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः मंजूर करून पाठवलेत. पोलिसांत अर्ज दिला आहे, त्याची पोच जपून ठेवली आहे. अजून एक रुपयाही परत आलेला नाही.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत शहरात असे सेल पुन्हा लागतात. कुणी तंबू, बॅगा घेणार असाल तर निघायच्या निदान पंधरा दिवस आधी घ्या आणि एक रात्र गच्चीवर त्याच सामानात झोपून बघा. सोलापूरच्या गच्चीवर जी बॅग गार लागेल ती थारमध्ये नेऊ नका. लहान मूल बरोबर असेल तर त्याची बॅग आधी तुम्ही स्वतः वापरून बघा.

उसवलेली बॅग मी फेकलेली नाही. तोंडाकडचा जाड भाग आणि पायाकडच्या चिंध्या, दोन्ही तशाच ठेवल्या आहेत. पुतणीच्या शाळेतली मुलं मार्चमध्ये कॅम्पला जाणार आहेत. शनिवारी पालकांच्या बैठकीत ती बॅग टेबलावर पसरून ठेवणार आहे, म्हणजे प्रत्येकाला आत हात घालून बघता येईल.