आरटीएक्स ५०८० आणि ८५० वॅटचा एसएमपीएस : कोल्हापुरातला एक उन्हाळा, एक पावसाळा

आरटीएक्स ५०८० ग्राफिक्स कार्ड आणि रायझन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर असं कॉम्प्युटर मशीन जोडायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त सल्ले आले ते एसएमपीएसबद्दल, म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना लागेल तशी करून देणाऱ्या डब्याबद्दल. बहुतेकांचं म्हणणं एकच, १२०० वॅटचा घे म्हणजे परत बघायला नको. मी ८५० वॅटचा घेतला आणि वाचलेले पैसे घरातल्या वायरिंगवर आणि यूपीएसवर घातले. आता उन्हाळा, वळीव, पावसाळा आणि गणपती एवढं सगळं त्यावर निघालंय, म्हणून लिहिते आहे. दिवसा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरची रेंडर (चित्रं तयार करायची लांबलचक कामं) चालतात, रात्री गेम, त्यामुळे मशीनला विश्रांती कमीच.

कंपनीचं नाव लिहीत नाही. अनेक ब्रँड स्वतः एसएमपीएस बनवत नाहीत, दुसऱ्या कारखान्याकडून बनवून घेतात, आणि एकाच ब्रँडच्या दोन मालिकांचे कारखाने वेगळे असू शकतात. त्यामुळे नावापेक्षा मॉडेलचा तपशील बघा. माझा ८० प्लस गोल्ड (कार्यक्षमतेचा शिक्का), पूर्ण मॉड्युलर (वायर हव्या तेवढ्याच जोडता येणारा), एटीएक्स ३.१ (एसएमपीएसच्या रचनेचं प्रमाण), दहा वर्षांची वॉरंटी आणि ५० अंश तापमानाला पूर्ण ८५० वॅट देण्याची हमी असलेला आहे.

वॅटचं गणित असं. ५०८० चा ठरलेला वापर ३६० वॅट. हा प्रोसेसर पूर्ण ताणला तरी १६२ वॅटच्या पुढे जात नाही, गेममध्ये तर त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांना सढळ हाताने ७०-८० वॅट धरले तरी बेरीज सहाशेच्या घरात. कार्डाची चिप बनवणारी एनव्हिडिया कंपनीही या कार्डासाठी ८५० वॅटच सुचवते. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मी घेतला आहे आणि जड गेममध्ये त्यावर ४८० ते ५२० दिसतात. हा आकडा भिंतीतून ओढलेल्या विजेचा. एसएमपीएसवरचे ८५० म्हणजे त्याने आत देण्याची ताकद, त्यामुळे आतला खरा भार याहूनही कमी.

मग २५० वॅट मोकळे कशाला? क्षणिक उसळ्यांसाठी. कार्डाचा वापर मिलिसेकंदाच्याही अंशात एकदम वर जातो आणि जुना एसएमपीएस त्याला बिघाड समजून स्वतःला बंद करतो. ओळखीतल्या एका मुलाचं मशीन गेम सुरू झाला की रीस्टार्ट व्हायचं. रॅम बदलली, विंडोज नव्याने टाकलं, शेवटी दोष निघाला जुन्या ६५० वॅटच्या एसएमपीएसचा. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० पासून अशा मोठ्या कार्डांच्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा अशी अट आहे. त्यामुळे जुन्या रचनेचा १००० वॅट आणि नव्या रचनेचा ८५० वॅट समोर असतील तर मी डोळे झाकून नवा उचलेन.

गोल्डचा शिक्का बिलासाठी घेऊ नका. ४०० वॅटचा भार ९२ टक्के कार्यक्षमतेने दिला तर भिंतीतून ४३५ जातात, ८५ टक्क्यांनी दिला तर ४७०. रोज चार तास धरले तर महिन्याला चार युनिटांचा फरक पडतो. खरा फायदा असा की ती वाया जाणारी वीज उष्णता होऊन डब्यातच राहत नाही. ८० प्लसची चाचणी २३ अंशांना होते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत एप्रिलच्या दुपारी २३ अंश कुठून आणायचे? म्हणून ५० अंशांची हमी माझ्यासाठी शिक्क्यापेक्षा मोठी होती. भार कमी असताना पंखा बंद ठेवायची सोय यात आहे, ती मी उन्हाळ्यात बटण दाबून बंद करते. पंखा हळू का होईना, फिरत राहिलेला बरा. आवाज तसाही कार्डाच्या पंख्यांखाली दबतो.

आता ज्यावर सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते अर्थिंग. आमचं घर मंगळवार पेठेतलं, जुनं. वायरिंग वेळोवेळी वाढवत नेलेलं. मशीन जोडून पहिल्यांदा चालू केलं आणि केसच्या, म्हणजे बाहेरच्या पेटीच्या, पत्र्याला मनगट टेकलं तर झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला तर दिवा लागला. अशा वेळी बरेच जण एसएमपीएस खराब म्हणून दुकानात परत नेतात. पण बहुतेकदा हा बिघाड नसतो. विजेतला गोंगाट गाळण्यासाठी एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा किंचितसा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर बॉडी फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लटकत राहते. प्रवाह इतका कमी असतो की इजा होत नाही, पण उद्या आत खरोखर फेज बॉडीला लागली तर वाचवायलाही काही नसतं.

वायरमनने बोर्ड उघडला आणि म्हणाला, "ताई, पिन हाय तीन, पर अर्थिंगची वायरच न्हाई हितं." परसात खड्डा काढून, मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंग केलं, तिथून खोलीपर्यंत वेगळी वायर ओढली आणि मेनला ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (प्रवाह जमिनीकडे गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवली. तपासणी सोपी आहे, पण वायरमनकडूनच करून घ्या. फेज ते अर्थ व्होल्टेज हे फेज ते न्यूट्रलच्या जवळपास यायला हवं आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्टच. त्यानंतर झिणझिण्या गेल्या, आणि हेडफोनमध्ये जो बारीक घुईं आवाज यायचा तोही गेला. पेठांमधल्या जुन्या घरांत भारी मशीन नेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारते.

कमी व्होल्टेजची मला काळजी नाही. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतो. गणपतीत संध्याकाळी मंडळांची रोषणाई लागली की मीटर २०५ पर्यंत उतरलेला मी पाहिला, गेमला पत्ताही लागला नाही. भीती आहे ती वाढलेल्या व्होल्टेजची. वळवाच्या वाऱ्यात फांदी पडून थ्री फेज लाइनची न्यूट्रल तुटली तर सिंगल फेज घरात तीनशेच्या वर व्होल्टेज येऊ शकतं, आणि साध्या स्पाइक गार्डमधला भाग असा दाब काही क्षणांपलीकडे सोसत नाही. म्हणून मेन बोर्डात ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की लाइन तोडणारं व्होल्टेज प्रोटेक्टर लावलंय. विजा कडाडायला लागल्या की मी प्लग काढतेच, आणि इंटरनेटची तांब्याची वायरसुद्धा.

यूपीएस घेताना व्हीए (व्होल्ट गुणिले अँपियर) आणि वॅट यांत गल्लत होते. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, या मशीनला तो पुरणं शक्य नाही. मी १५०० व्हीए, ९०० वॅटचा प्युअर साइन वेव्हवाला, म्हणजे लाइनसारखीच गुळगुळीत लहर देणारा, घेतला. आजच्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज लहरीच्या आकाराप्रमाणे ओढणारं सर्किट) असतं आणि स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वेव्हवर त्यातले काही गुरगुरतात किंवा बॅटरीवर जाताच बंद पडतात. वेळेचंही बघावं लागतं. एटीएक्स ३.१ मध्ये वीज गेल्यावर पूर्ण भारावर तग धरायची अट १७ वरून १२ मिलिसेकंदांवर आणली आहे. चांगला लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस (वीज असेपर्यंत तीच पुढे देणारा) दहाच्या आत बॅटरीवर येतो, आणि भार अर्धा असेल तर एसएमपीएस त्याहून जास्त टिकतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचंच असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना ते आधी पाहा. पावसाळ्यात लाइट जाऊन-येऊन असताना माझं एकही रेंडर मधेच मेलं नाही.

कार्डाला वीज नेणाऱ्या १६ पिनांच्या १२व्ही-२एक्स६ वायरबद्दल घाबरवणारं बरंच ऐकलं होतं. ३६० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ३० अँपियर, १२ व्होल्ट आणणाऱ्या सहा पिनांत वाटले तर प्रत्येकी पाच. पिनेची मर्यादा नऊच्या वर आहे, म्हणजे ५०८० ला भरपूर जागा उरते. तरी प्लग खट्‌ आवाज येईपर्यंत दाबायचा, फट दिसता कामा नये, आणि प्लगपासून ३५ मिलिमीटरच्या आत वायर वाकवायची नाही. कार्डासोबत आलेला अडॅप्टर मी वापरला नाही, एसएमपीएसचीच सरळ वायर लावली. आणि मॉड्युलर वायर दुसऱ्या एसएमपीएसची कधीही लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना ठरलेली नसते. प्लग बसतो, पण हार्ड डिस्क जळू शकते.

तक्रारी दोन. प्रोसेसरची वायर माझ्या मोठ्या केसमध्ये जेमतेम पोचली, ताणून न्यावी लागली. आणि सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात नाही, काही झालं तर डबा पुण्याला पाठवायचा आणि तोवर मशीन बंद. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, खोका माळ्यावर ठेवा.

५०९० घेणाऱ्यांनी हा नमुना धरू नये. ते कार्ड एकटंच ५७५ वॅटचं, एनव्हिडियाची शिफारस १००० वॅटची, आणि तिथे प्रत्येक पिनेवर आठ अँपियर जातात. त्या मशीनसाठी मी स्वतः १२०० वॅटचा एसएमपीएस घेईन, आणि त्याला मीटरबोर्डापासून वेगळी लाइन ओढून १६ अँपियरचं सॉकेट देईन.