कोकणातल्या क्लबला काय घालावं: ब्लेझर, लिनन, बंदगळा, साडी आणि बुटांची पारख

क्लब अलिबाग-मांडव्याकडचा असो की रत्नागिरी-मालवणकडच्या रिसॉर्टातला, आमंत्रणावरचे शब्द ठरलेले असतात: स्मार्ट कॅज्युअल, लाउंज सूट, ऑल व्हाइट. हे शब्द आले थंड मुलखातून. इथे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि उरलेल्या वर्षात खारं वारं असतं. म्हणून दुकानात कपडा हातात घेतला की रंगाच्या आधी आत काय भरलंय ते बघायचं. खालचे गुण पाचपैकी आणि फक्त या हवेपुरते आहेत. पुण्यात हेच कपडे वेगळे गुण मिळवतील.

तयार मिळणारा नेव्ही ब्लेझर: दीड. स्वस्त ब्लेझरमध्ये पुढच्या पल्ल्याचं कापड आणि आतला कडक थर गरम दाबाने चिकटवलेला असतो. टेलर त्याला फ्युजिंग म्हणतात. घाम, ओल आणि ड्रायक्लीनची वाफ यांनी तो चिकटा जागोजागी सुटतो आणि छातीवर, लॅपलवर (कॉलरखालच्या दुमडलेल्या पट्टीवर) पापडासारखे फुगे येतात. इस्त्री फिरवली की फुगा बसतो, पण पुढच्या पार्टीला पुन्हा वर येतो. ओळखायची रीत सोपी आहे. छातीवर, लॅपलच्या कडेला पल्ला चिमटीत धरा आणि बाहेरचं व आतलं कापड हलकेच वेगळं ओढा. मध्ये तिसरा थर सुटा सरकताना जाणवला तर कॅनव्हास, म्हणजे न चिकटवता शिवून बसवलेला थर आहे. वरचं कापड पुठ्ठ्यासारखं ताठ लागलं आणि मध्ये काहीच सरकलं नाही, तर फ्युजिंग. हाफ कॅनव्हासमध्ये सुटा थर छातीपर्यंतच असतो, म्हणून चिमटी खिशापाशी न घेता छातीवरच घ्या.

दुसरी खोड अस्तराची. पॉलिएस्टर आपल्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी धरत नाही. सूत साधारण आठ टक्के धरतं, लोकर सोळाच्या आसपास. म्हणजे वरून शंभर टक्के लिनन आणि आतून गळ्यापासून कमरेपर्यंत पॉलिएस्टर, असा ब्लेझर अंगावर प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा बसतो. टेलरला अर्धं अस्तर सांगा: पाठीच्या वरच्या भागात आणि बाह्यांत एवढंच. बाह्यांतलं काढू नका, नाहीतर घामेजल्या शर्टावर बाही चढत नाही. आतल्या शिवणींना पायपिंग करून घ्या, उघडे दोरे दिसत नाहीत. पितळी बटणं समुद्रालगत काळवंडतात आणि खोबणीत हिरवी पडतात. त्याऐवजी शिंगाची किंवा नारळाच्या करवंटीची लावा. करवंटीची बटणं कोकणात शोभतातही.

मग लाउंज सूट, म्हणजे कोट-पँट आणि टाय, लिहिलं असेल तर काय घालायचं? लोकर. ऐकायला विचित्र वाटेल, पण पातळ, घट्ट पिळाच्या धाग्याची ट्रॉपिकल वुल, साधारण २४० ते २५० जीएसएमची (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाची), ही इथल्या दमट रात्रीला लिननपेक्षाही उजवी. घाम आत ओढून घेते, अंगाला चिकटत नाही आणि रात्रभर हँगरला लटकवली की चुण्या आपोआप सुटतात. पुढे पल्ल्यावर पल्ला येणारी (डबल-ब्रेस्टेड) जॅकेटं टाळा आणि पावसाळ्यात कपाटात बंद ठेवू नका. चार गुण. पाचवा किमतीमुळे गेला.

लिनन शर्ट: साडेचार. दुपारचं लॉनवरचं जेवण, सूर्यास्ताची पार्टी, हाउझीची रात्र, सगळीकडे चालतो. शर्टाला ६० लीचं कापड घ्या. ली हा धाग्याच्या बारीकपणाचा आकडा, जितका मोठा तितका धागा बारीक. २५ लीचं जाड कापड पँट-जॅकेटचं. १०० ली हातात रेशमासारखं लागतं, पण पांढऱ्या रंगात आतलं बनियन दाखवतं. ५८ इंच पन्ह्यात पूर्ण बाहीला १.६ मीटर लागतं. त्यात १० सेंटिमीटर जास्त घ्या, कारण न धुतलेलं लिनन आटतं. शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. हे टेलरवर सोडलं तर बहुधा राहून जातं आणि दुसऱ्या धुण्यानंतर बाही मनगटाच्या वर दिसते. इस्त्री ओलसर असतानाच, कडक तापलेली. पूर्ण वाळल्यावर कितीही दाबा, कोपराच्या चुण्या हटत नाहीत. अर्थात लिननला चुण्या पडणारच, त्या पडू द्या. ज्याला एकही चुणी पडत नाही त्या लिननचा एक धागा काढून पेटवून बघा: कागदासारखा जळून मऊ राख झाली तर ठीक, वितळून टोकाला कडक मणी झाला तर दुकानदाराने पॉलिएस्टर मिसळलेलं कापड दिलंय.

बंदगळा: साडेतीन. टायची कटकट जाते आणि आत फक्त सुती बनियन घालून भागतं, हा मोठा फायदा. टसर किंवा सुती-रेशमी कापडात शिवा. गळ्याच्या मापात दोन बोटं सैल ठेवायला सांगा. कॉलरचा हूक लावल्यावर घाम बाहेर जायला तेवढीच वाट उरते. कॉलरमध्ये प्लॅस्टिकची पट्टी नको, इस्त्रीने ती वाकडी होते.

कुर्ता-पायजमा किंवा धोतर चालेल का, हे मात्र आधी क्लबच्या ऑफिसला फोन करून विचारा. ‘नॅशनल ड्रेस’ लिहिलेलं असलं तरी काही ठिकाणी त्याचा अर्थ बंदगळ्यापुरताच घेतात. २०१४ मध्ये वेष्टी (तमिळ धोतर) नेसलेल्या मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना चेन्नईतल्या एका क्लबात अडवलं. त्याच वर्षी तमिळनाडूने असा मज्जाव बंद करणारा कायदा केला, पण तो कायदा तमिळनाडूपुरता आहे. चपलांचंही तेच. कोल्हापुरी कितीही भारी असली तरी बऱ्याच क्लबांत पुरुषांच्या पादत्राणाला मागे पट्टा लागतो.

साडीत जॉर्जेट आणि शिफॉन दुकानात सुळसुळीत दिसतात, लॉनवर तासाभरात पोटऱ्यांना चिकटतात. मंगळगिरी सुती किंवा महेश्वरी घ्या, खाली परकरही सुतीच. खळ कमी घाला, आणि खळीची साडी तशीच कपाटात ठेवू नका: खळ हे बुरशीचं आणि कसरीचं आवडतं खाणं. चांदीच्या जरीची पैठणी मऊ मलमलीत गुंडाळा, डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका आणि तीन महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घाला, नाहीतर घडीवरच जर तुटते. परफ्यूमही जरीवर नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगीचा वळेसर माळला तर तशीही त्याची गरज राहत नाही.

बुटांना सगळ्यात जास्त वाईट गुण द्यावे लागतात, कारण ते ऐन पार्टीत दगा देतात. मागच्या ३१ डिसेंबरला घातलेले, मग डब्यात नीट ठेवलेले, जवळपास नवे बूट. लॉनवर दहा पावलं टाकली की तळ चिखलाच्या ढेपेसारखा सुटून मागे राहतो. हलक्या, फोमसारख्या तळव्यात पॉलियुरेथेन असतं. हवेतली ओल त्याची रासायनिक साखळी तोडत जाते आणि हे न वापरताही होतं. बंद डब्यात ओल कोंडली तर काम आणखी सोपं. घेताना रबराचा किंवा टीपीआरचा (रबरासारख्या प्लॅस्टिकचा), शिवलेला तळ मागा. जुन्या जोडीचा तळ अंगठ्याच्या नखाने दाबून पाहा: खळगा राहिला किंवा भुगा आला तर ती जोडी घालून जाऊ नका. एरवी बूट उघड्यावर ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पावसाळ्यात बोळे आठवड्याला बदला. बुरशी आली तर बाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. उन्हात चामडं तडकतं. स्वेडचे बूट इथे घेऊच नयेत.

बायकांच्या टोकदार हील लॉनमध्ये रुततात आणि जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटीत अडकतात. पाच सेंटिमीटरची रुंद हील पुरते. मांडव्याच्या जेट्टीवर उतरायचं असेल तर हील पिशवीतच बरी.

खेळाच्या कपड्यांत फार डोकं लावायचं नाही. गोल्फला कॉलरचा टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची साधी बर्म्युडा. जीन्स आणि कार्गो बहुतेक ठिकाणी नाही. टेनिसला पांढरं विचारून घ्या. पोहण्याच्या तलावात सुती चड्डी घालून उतरू देत नाहीत, कारण सुताचे तंतू फिल्टरमध्ये जातात. नायलॉनचा पोशाख आधी गोड्या पाण्यात भिजवून मगच पाण्यात उतरा, म्हणजे क्लोरीन कमी शोषलं जातं. बाहेर आल्यावर लगेच खळबळा.

शेवटी डाग, कारण क्लबात गेलात तर जेवाल. सोलकढी सांडली तर आधी गार पाणी, साबण नंतर. साबणाने कोकमाचा गुलाबी रंग निळसर-करडा होतो. माशाच्या कालवणातली हळद साबण लागताच लाल होते, पाहून घाबरू नका: धुवून कडक उन्हात वाळत घाला, ऊन ती खाऊन टाकतं. जांभ्याची लाल माती साडीच्या काठाला किंवा पांढऱ्या पँटला लागली तर ओली असताना चोळू नका. वाळू द्या, ब्रशने झटका, मग धुवा. तरी तांबूस छटा राहिली तर ती लोखंडाचा गंज आहे. सुती कापडावर लिंबू आणि मीठ चोळून तासभर उन्हात ठेवा. ब्लीच मात्र लावू नका, त्याने गंज कायमचा बसतो.