ला फोंतेनच्या नीतिकथा: दोरे घ्यावा की शागाल?

सतराव्या शतकातल्या ला फोंतेन या फ्रेंच कवीच्या कथांची सचित्र प्रत घ्यायची म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात. ग्युस्ताव दोरेची चित्रं १८६०च्या दशकातली, लाकडावर कोरून छापलेली. मार्क शागालची १९२६पासूनची.

वाचणारं मूल लहान असेल, गोष्टी नव्या असतील, तर सरळ दोरे घ्या. तो प्रसंग नीट उभा करून दाखवतो. नाकतोडा आणि मुंगीच्या गोष्टीत तर त्याने किडे बाजूलाच ठेवले: गिटारवाली पोरगी दाराशी आलीय आणि समोर घरची बाई. कोण मागतंय, कोण नाकारणार, हे मजकूर न वाचताही कळतं.

शागाल गोष्ट सांगत बसत नाही. मांजरीची बाई होते त्या कथेत तो लग्नही दाखवत नाही नि उंदरांमागची धावही. टेबलावर हात टेकून ती नुसती बसलेली, अंगाने बाई, तोंडाने मांजर. गोष्ट ठाऊक असेल तरच यातली गंमत कळते. आपल्याला इसापनीती नि पंचतंत्रामुळे यातल्या बऱ्याच ठाऊक असतात, म्हणून मोठ्यांसाठी माझं मत शागाललाच.

आंब्रुआझ व्होलार या प्रकाशकाने शागालला हे काम दिलं, तेव्हा फ्रेंचांच्या लाडक्या कवीला रशियातून आलेला ज्यू चित्रकार कशाला, अशी ओरड झाली. व्होलारचं उत्तर होतं की कथांची मुळंच पूर्वेकडची आहेत. खोटं नव्हतं ते. १६७८च्या भागात ला फोंतेनने स्वतःच पिल्पे या भारतीय ऋषीचं ऋण मानलंय.

शागालमध्येही निवड आहेच. आधी त्याने गुआशची, म्हणजे अपारदर्शक जलरंगांतली रंगीत चित्रं केली. ते रंग छपाईत उतरेनात, तेव्हा तांब्याच्या पत्र्यांवर शंभर काळी-पांढरी एचिंग्ज (आम्लाने रेघा कोरून छापलेली चित्रं) केली. व्होलार १९३९मध्ये गेला आणि पुस्तक १९५२मध्ये तेरियाद या दुसऱ्या प्रकाशकाने काढलं. रंगांचा मोह होतो, पण मी एचिंग्जवालीच प्रत घेईन. ती चित्रं मुळात छापण्यासाठीच केलेली; पुनर्मुद्रणात गुआशइतकी मार खात नाहीत.

दोरेच्या चित्रांवरचा कॉपीराइट केव्हाच संपलाय, त्यामुळे त्याच्या प्रती कुणीही काढतं. घेण्याआधी आतलं एखादं पान बघा: रानातल्या सावल्यांत रेघा सुट्या दिसत नसतील, नुसता काळा डाग असेल, तर ती प्रत सोडा.