‘दम धरा, सेंद्रिय आहे’ म्हणत आल्याचं पीक घालवलं

आले लागणीचे दिवस जवळ आलेत आणि कोरेगाव पट्ट्यात खताच्या गाड्या पुन्हा फिरायला लागल्यात, म्हणून हे लिहितोय. गेल्या हंगामात गांडूळखताच्या नावाखाली मला बगॅसचा, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चिपाडाचा, काळा केलेला भुगा विकला गेला. छापील पिशव्या होत्या, पक्कं बिल होतं, सोबत प्रयोगशाळेचा अहवालही होता. तो अहवाल दुसऱ्याच मालाचा निघाला.

गादीवाफ्यात खत घालून लागण केली. उगवण चांगली झाली. पण फुटवे यायच्या वेळी खालची पानं पिवळी पडू लागली. शेणखत घातलेल्या बाजूच्या वाफ्यांत तसं काहीच नव्हतं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, “दादा, हे सेंद्रिय आहे, युरिया नव्हे. हळूहळू लागू होतं. दम धरा.” नंतर प्रत्येक फोनला हेच उत्तर.

संताप याचाच येतो, कारण त्याचं वाक्य खोटं नाही. सेंद्रिय खतातला बराचसा नत्र (नायट्रोजन) बांधलेला असतो. जिवाणू तो कुजवून मोकळा करतात तेव्हाच मुळांना मिळतो, आणि पहिल्या हंगामात त्यातला काही भागच मिळतो. पण नत्र हळू मिळणं वेगळं आणि जमिनीत होता तोही ओढला जाणं वेगळं. नीट कुजलेल्या खतात कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे नत्राच्या किती पट कर्ब (कार्बन) आहे ते, साधारण 20 च्या आत असतं, कच्च्या बगॅसमध्ये ते 100 च्याही वर जातं. एवढा कर्ब कुजवायला जिवाणूंना नत्र लागतो, तो ते जमिनीतून उचलतात आणि पीक उपाशी राहतं. ज्या दिवसांत आल्याला नत्र हवा होता, तेच दिवस ‘दम धरण्यात’ गेले. युरिया दिल्यावर पानं हिरवी झाली, पण राहिलेले फुटवे आले नाहीत आणि गड्डे बारीक निघाले.

शिल्लक पिशवीतला नमुना तपासून घेतला. नत्र 0.4 टक्के, गुणोत्तर 58. खत नियंत्रण आदेश 1985 प्रमाणे गांडूळखतात किमान 1 टक्का नत्र लागतो.

माल उतरवून घेण्याआधी मूठभर खत पाण्याच्या बादलीत टाका. माझ्या मालाचं पाणी लगेच काळं झालं, वर उसाचे पिवळट तंतू तरंगले आणि मळीचा आंबूस वास आला. खरं गांडूळखत चहाच्या भुकटीसारखं रवाळ असतं, त्याला मातीचा वास येतो. अहवाल दाखवला तर त्यावरचा बॅच नंबर पिशवीवरच्या नंबराशी ताडून बघा. शक्य असेल तर आपल्या हाताने नमुना काढून नत्र आणि सेंद्रिय कर्ब दोन्ही तपासून घ्या, नुसत्या नत्रावर थांबू नका.

आणि दोन-तीन पिशव्या शिलाई न उसवता कोरड्या जागी ठेवा. आपण परस्पर आणलेल्या अहवालावर भागत नाही, कारवाईसाठी खत निरीक्षकाने रीतसर घेतलेला नमुना लागतो. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे माझी लेखी तक्रार गेली आहे. याच गाडीचा माल आणखी कोणी घेतला असेल तर त्यांनीही बिलाची प्रत जोडून तक्रार द्यावी.